पाचवं पिल्लू

हौसाच्या कमरेला मी दोर बांधत होतो आणि ती बिळाच्या तोंडाकडं बघत होती.

“आत लई अंधार हाय, आबा.”

“डोळं सरावत्यात जरा वेळानं.”

“आन मोठा लांडगा आत असला तर?”

“न्हाई. सकाळी दोघंबी माळाच्या पल्याड गेलेली तात्यानं बघितल्यात. आत नुसती पिल्लं हैत. कुत्र्याच्या पिल्लांवानी.”

बीळ ओढ्याच्या दरडीत होतं. ओढा कोरडा, दोन्ही काठांना बोरी आणि तरवडाची झुडपं. बिळाचं तोंड इतकं अरुंद की माझे खांदे आत शिरत नव्हते. सकाळी मी करून पाहिलं होतं. डोकं आणि एक हात गेला, पुढं अडकलो. माझा चुलता, लकाप्पा तात्या, माझ्याहून आडव्या अंगाचा. आत जाण्यासारखं आमच्यात एकच माणूस होतं, आणि ती माझी आठ वर्षांची लेक होती.

“काढून काय करायचं त्यास्नी?” तिनं विचारलं.

“पाटीत घालायची आन त्या डोंगरात नेऊन सोडायची. मग त्यांची आई मागनं तिकडं जाईल. आपली मेंढरं सुटली, तिचंबी भागलं.”

“तिला घावतील का पण?”

“वासावर हुडकत्यात.”

तिनं डोंगराकडं पाहिलं. तो तिथून चांगला कोसभर लांब.

“मग आपली कोकरं जायची न्हाईत ना?”

“न्हाई.”

“मग जाते,” ती म्हणाली.

दोन दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा एवढं बोलत होती.

याला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. आम्ही धनगर. दिवाळी झाली की आमच्या माणदेशातले वाडे चारा धुंडत पश्चिमेला निघतात. वाडा म्हणजे आमच्यात घर नव्हे. पाच-सहा बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, सगळं मिळून वाडा होतो. त्या वर्षी आमचा वाडा गेला आणि मी मागं राहिलो, कारण माझ्या बायकोचे, बनाचे, दिवस भरले होते. बाळंतपण तिला फार जड गेलं. मुलगा झाला. हौसाच्या पाठीवर झालेली दोन आम्ही गमावली होती, त्यामुळं हा जगतो की नाही याच धास्तीत आम्ही दोघं होतो. आमच्या सोबतीला तात्या थांबला. माळावर एक पाल, सत्तर मेंढरं, एक घोडी, खंड्या नावाचं कुत्रं आणि आम्ही पाच माणसं.

मी आणि तात्या मेंढरं घेऊन दिवसभर लांब असायचो. खंड्या आमच्याबरोबर. दूधपिती कोकरं पालापाशी, वेताच्या मोठ्या डालग्याखाली झाकलेली. दुपारी त्यांना घटकाभर मोकळं सोडायचं. ती राखायची हौसा. आईला पाणी तापवून द्यायची हौसा, चुलीत काटक्या सारायची हौसा, बाळ रडलं की झोळी हलवायची तीही हौसाच. एका दुपारी बाळ रडलं म्हणून ती पालात गेली आणि तेवढ्यात लांडग्यानं एक कोकरू उचललं. चार दिवसांनी तसंच दुसरं.

दुसऱ्या वेळी मी तिला मारलं. काठीनं नाही, हातानं, पण मारलं.

“तुझ्या राखणीत गेलं,” मी म्हणालो.

बना आतून बोलली, “अवो, झोळी हलवत हुती ती. एक जीव किती ठिकाणी बघंल?”

हौसा त्यानंतर माझ्याशी बोलेनाशी झाली.

मग एका सकाळी पालाच्या मागं, आतून जिथं बाळाची झोळी टांगलेली असायची अगदी तिथं, मऊ मातीत पंजाचे ठसे दिसले. ते बनानं पाहिले. तेव्हापासून ती बाळाला मांडीवरून खाली ठेवीना. भाकरी थापतानाही पोर पदरात बांधलेलं. तात्यानं माग काढला आणि बीळ सापडलं.

मी दोर थोडा थोडा सोडत गेलो. हौसाचे तळवे आत दिसेनासे झाले. थोड्या वेळानं दोराला हिसका बसला आणि ती मागं सरकत बाहेर आली. केसांत माती, हातात तपकिरी रंगाचं एक पिल्लू. त्याचे डोळे नुकते उघडलेले. त्यानं तिचं बोट तोंडात धरलं होतं.

“दात न्हाईत अजून,” ती हसत म्हणाली. “चोखतंय बघ.”

ते पाटीत ठेवून ती पुन्हा आत गेली. दुसरं आणलं, तिसरं आणलं. तात्या वर काठावर खंड्याला धरून बसला होता. खंड्या गुरगुरत होता आणि तात्या त्याला दाबून धरत होता. चौथ्या वेळी ती बराच वेळ आत राहिली. मी दोन हाका मारल्या. शेवटी चौथं घेऊन ती आली, पाटीत ठेवलं आणि गुडघ्यांवरची माती झाडायला लागली.

“अजून हैत?”

“न्हाई. संपली.”

“नीट चाचपलंस?”

“व्हय,” ती म्हणाली. वर न बघता.

मी तिला चरवी दिली आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला झरा होता तिथून पाणी आणायला पाठवलं. ती वळणापलीकडं गेल्यावर मी तात्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली.

“माझ्या हातनं व्हायचं न्हाई आता, मायाप्पा. तरुणपणी केलंय लई. आता न्हाई.”

मग पाटी मी उचलली. खालच्या अंगाला झुडपांमागं नेली. फार वेळ लागला नाही. हात वाळूनं घासले आणि रिकामी पाटी घेऊन परत आलो.

हौसा चरवी घेऊन उभी होती.

“सोडली?”

“सोडली.”

“डोंगरात?”

“व्हय.”

तिनं डोंगराकडं पाहिलं. मग माझ्या हातांकडं पाहिलं.

“आता ह्याचं तोंड बुजवायचं,” मी म्हणालो. “म्हंजी पुन्हा हितं व्यायला यायची न्हाई. दगडं आण.”

ती जागची हलली नाही.

“आबा, कशाला बुजवायचं?”

“सांगितलं की आत्ता.”

“राहू दे की.”

“हौसा, दगडं आण. मला पुन्हा सांगायला लावू नको.”

ती गेली. मी मोठे धोंडे लोटत होतो आणि ती आणत होती मुठीएवढे. ओंजळीत दोन-दोन, तीन-तीन. “मोठं आण,” मी ओरडलो. मग तिनं थोडे मोठे आणले. ते बिळाच्या तोंडाशी ठेवताना ती त्यांच्यामध्ये फट ठेवत होती, आणि मी मागून ती फट मातीनं लिंपत होतो. मला वाटलं, पोरीला काम येत नाही. शेवटी बोरीच्या फांद्या खोचल्या आणि आम्ही निघालो. वाटेनं तिनं दोनदा मागं वळून पाहिलं.

संध्याकाळी तिनं भाकरीला हात लावला नाही. आईजवळ जाऊन बसली.

“आई, बाळाला दूध न्हाई मिळालं तर किती वेळ जगतं गं?”

बना दचकली. “असलं अभद्र का बोलतीस?”

“बाळाचं न्हाई. कोकराचं.”

“एक रात काढतंय. लई तर दोन.”

हे बनानं मला नंतर सांगितलं. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, “आज भ्यालीया पोरगी. बिळात कशाला घातली तिला?” मी म्हणालो, “तुझ्या पोराच्या झोळीमागं ठसं उमटलं हुतं, इसरलीस का?”

सकाळी मी उठलो ते बनाच्या हाकेनं. तांबडं फुटलं होतं. हौसाचं घोंगडं घडी करून ठेवलेलं आणि ती कुठंच नव्हती. बना बाळाला छातीशी धरून उभी, ओठ पांढरे पडलेले. मी कुऱ्हाड घेतली, खंड्याच्या गळ्यातल्या दोरीत हात घातला आणि पळत सुटलो. तात्या म्हणाला, मी आलोच मागनं. कुठं जायचं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पिल्लं गेलेली लांडगीण बिळापाशी फिरत असणार हे मला ठाऊक होतं, आणि माझी लेक तिथं गेली होती.

ओढ्याच्या काठावर पोचलो आणि खाली पाहिलं.

फांद्या बाजूला टाकलेल्या होत्या. धोंडे एकेक करून ओढून काढलेले होते. मोठे धोंडे तिनं कसे हलवले कोण जाणे. दोन्ही बाजूंची माती उकरलेली होती. एका बाजूला हातानं उकरल्याचं दिसत होतं, दुसऱ्या बाजूला पंजांनी. हौसा बिळापासून दहा पावलं मागं सरकून उकिडवी बसली होती. तिची नखं रक्तानं आणि मातीनं भरलेली. बिळाच्या तोंडाशी, उघड्या वाळूवर, एक पिल्लू होतं. ते जिवंत होतं. डोकं डगडग हलवत होतं. आणि पलीकडच्या बाजूनं लांडगीण एकेक पाऊल टाकत त्याच्याकडं येत होती.

हौसा तिच्याशी बोलत होती. अडलेल्या मेंढीशी आम्ही बोलतो तशी, हळू.

“घे गं. घे. मी न्हाई काय करत.”

लांडगिणीनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा पिल्लाकडं. तिचे कान पडलेले होते, दात दिसत नव्हते. मी जन्मभर जनावरांत राहिलेला माणूस. अंगावर येणारं जनावर कसं दिसतं ते मला कळतं. ती कुणाच्या अंगावर जाणार नव्हती. ती पिल्लू तोंडात धरणार होती आणि निघून जाणार होती. अजून चार पावलं, एवढंच.

हौसानं वर पाहिलं आणि मी तिला दिसलो.

“आबा, खंड्याला धर,” ती म्हणाली. ओरडली नाही, तसंच हळू. “ती घेऊन जाणार हाय. धर त्याला.”

मी धरलेलाच होता. दोरी माझ्या मुठीत होती. आणि मी मूठ सोडली.

का सोडली, हे मी स्वतःला पुष्कळ प्रकारे सांगून पाहिलं. लेकीसाठी भ्यालो म्हणून. झोळीमागचे ठसे आठवले म्हणून. पण खरं सांगायचं तर मला तेव्हा भीती वाटत नव्हती. माझी पोर लांडगिणीला तिचं पिल्लू परत देत होती, आणि आदल्या दिवशी मी काय केलं ते त्या दोघींनाही माहीत आहे असं मला वाटलं. ते मला बघवेना.

खंड्या दरडीवरून कोसळल्यासारखा खाली गेला. लांडगीण पळू शकली असती. ती पळाली नाही, पिल्लावर उभी राहिली. दोघं एकमेकांत गुंतली आणि हौसा उठून त्यांच्यात शिरली. “खंड्या, सोड! सोड तिला!” तिनं त्याच्या गळ्यात हात घातला आणि खंड्यानं झटक्यात मान फिरवून तिचा दंड धरला. त्याला समोर काय आलं ते कळलं नाही, जे आलं ते त्यानं धरलं. मी खाली उडी घेतली. आधी लांडगिणीवर कुऱ्हाड घातली. आधी लांडगिणीवर, मग खंड्याला लाथ मारली आणि त्याच्या जबड्यातून लेकीचा हात सोडवला. पिल्लू कुणाच्या पायाखाली गेलं ते मी पाहिलं नाही.

हौसा रडत नव्हती. दंडातून रक्त बोटांपर्यंत ओघळत होतं.

“आई आल्यावर तिला एक तरी दिसायला पायजे म्हून ठेवलं हुतं,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले, आबा.”

मी मुंडासं सोडून तिचा दंड बांधत होतो तेवढ्यात तात्या धापा टाकत काठावर आला. त्यानं मेलेली लांडगीण पाहिली, माझ्या हातातली कुऱ्हाड पाहिली, पोरीचा रक्तानं भरलेला हात पाहिला.

“धरली हुती पोरीला? लांडग्यानं?”

एका शब्दाचं उत्तर होतं. हौसा माझ्या तोंडाकडं बघत होती.

“व्हय,” मी म्हणालो.

तात्यानं खाली उतरून मला मिठी मारली. तो म्हातारा रडत होता.

तालुक्याला सरकारी दवाखाना होता. आम्ही तिला घोडीवर घालून नेली. वाटेत गाव लागलं, तिथं तात्यानं सगळ्यांना सांगितलं, आणि गावातले चार-पाच जण आमच्याबरोबर आले. डॉक्टर तरुण होता. त्यानं जखम धुतली, बराच वेळ निरखून पाहिली आणि मला विचारलं, “नक्की कशानं चावलं?”

“लांडगा,” मागून कुणीतरी म्हणालं. “ह्या मर्दानं कुऱ्हाडीनं तोडला त्याला.”

डॉक्टर माझ्याकडंच बघत राहिला. “मी तुम्हाला विचारतोय. पिसाळलेल्या जनावराचा रोग असेल तर माणूस वाचत नाही, म्हणून सुया द्याव्या लागतात. घरचं कुत्रं असेल आणि धडधाकट असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवायची. दहा दिवसांत त्याला काही झालं नाही तर पुढच्या सुया बंद करता येतात. पण लांडगा असेल आणि तो मेला असेल तर कळायला काही मार्ग नाही. मग चौदाच्या चौदा. रोज एक, पोटात, बेंबीच्या भोवती. मोठी माणसं ओरडतात. पोर लहान आहे, म्हणून पुन्हा विचारतो.”

दारात तात्या उभा होता. गावचे लोक उभे होते. हौसा बाकावर बसली होती, पाय जमिनीला पोचत नव्हते.

“लांडगाच हुता, साहेब,” मी म्हणालो.

तेरा दिवस मी तिला घोडीवरून नेत-आणत राहिलो, सहा मैल जायचं, सहा मैल यायचं. मेंढरं तात्या बघायचा. पहिल्या चार दिवसांत दोन बायका तिला धरायच्या आणि तिचं ओरडणं बाहेर, घोडी बांधलेल्या झाडापर्यंत यायचं. पाचव्या दिवसापासून ती ओरडायची थांबली. स्वतःच परकराची नाडी सैल करायची आणि डोळे मिटून पडायची. पोटावर गाठी आल्या होत्या. परकर कमरेला बांधवत नव्हता, म्हणून बनानं तो खांद्यावरून पट्ट्या लावून शिवून दिला होता.

खंड्या रोज आमच्याबरोबर यायचा. त्याला कितीही हाकललं तरी यायचा. घोडीच्या पुढं पळायचा, मागं वळून भुंकायचा, दवाखान्याच्या झाडाखाली बसून राहायचा. हौसा बाहेर आली की शेपूट हलवत तिच्या पायाशी लोळायचा, आणि ती त्याच्या डोक्यावरून जखम नसलेला हात फिरवायची.

दहाव्या दिवशी सुई घेऊन आम्ही परतत होतो. ऊन उतरलं होतं. मी घोडीचा कासरा धरून पुढं चालत होतो.

“आबा,” ती वरून म्हणाली.

“काय गं?”

“खंड्याला काय झालं न्हाई.”

मी चालत राहिलो.

“दहा दिस झालं आज. मी मोजलं. डॉक्टर म्हणला हुता, दहा दिसांत कुत्र्याला काय झालं न्हाई तर पुढच्या सुया बंद.”

मग म्हणाली, “उद्या सांगायचं का त्यास्नी?”

मला तात्या दिसला. गावची माणसं दिसली. त्या दहा दिवसांत गावातून जाताना लोक ओट्यावरून उठून मला हाक मारायला लागले होते. चहाला बसवायचे. पोरांना माझ्याकडं बोट दाखवायचे.

“चारच राहिल्यात आता,” मी म्हणालो.

“बरं,” हौसा म्हणाली.

पुढच्या चार सुया तिनं घेतल्या. आवाज केला नाही.

पुढं वाडे परत आले तेव्हा बिरोबाच्या देवळापुढं माझ्या डोक्याला फेटा बांधला. लेकीसाठी लांडग्याशी झुंजला, असं तात्यानं उभं राहून सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. हौसा बाळाला मांडीवर घेऊन बायकांत बसली होती. मला वाटलं ती उठेल. पण ती बाळाच्या तोंडावरच्या माश्या वारत राहिली. तिच्या लग्नात तिच्या सासऱ्यानं चार माणसांत हीच गोष्ट सांगितली आणि असल्या बापाची लेक घरात येते म्हणाला. तात्या जाईपर्यंत सांगत राहिला. बना गेली तेव्हाही मी तिला खरं सांगितलेलं नव्हतं.

मी आता मुलाकडं राहतो. सिदू, तेव्हा झोळीत होता तो. मेंढरं कधीच विकली. गेल्या दिवाळीत हौसा चार दिवस माहेरी आली होती. पन्नाशीची झाली, केस पांढरे झाले. सिदूची मुलगी ईश्वरी पाचवीत आहे. तिला शाळेत घरातल्या मोठ्या माणसांची गोष्ट सांगायची होती, आणि तिनं अर्थात तीच निवडलेली. सगळे जेवायला बसलो होतो. तिनं आत्याच्या दंडावरचा वण बोटानं चाचपून पाहिला.

“आजोबा, लांडग्यानं आत्याला कसं धरलं होतं? मला सगळं लिहून घ्यायचंय.”

आजवर हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला असेल, आणि प्रत्येक वेळी मी उत्तर दिलं होतं. त्या दिवशी माझ्या तोंडातून वेगळंच निघालं.

“लांडगा न्हवता, पोरी. आपलं कुत्रं चावलं तिला. लांडगीण तिचं पिल्लू न्यायला आली हुती, ती काहीबी करत न्हवती. मीच कुत्रं सोडलं.”

ईश्वरीनं वहीतून मान वर केली. सिदू हसला, वाईट हसला नाही, म्हाताऱ्या माणसाला हसतात तसा.

“आबा, काय बोलताय? तात्याआज्जानं डोळ्यानं बघितलेलं. दवाखान्यात सुया दिल्या तिला लांडगा चावला म्हणून.”

“मी खोटं सांगितलं हुतं दवाखान्यात.”

सुनेनं सिदूकडं पाहिलं. मग सगळ्यांनी हौसाकडं पाहिलं. तिच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तिनं कालवणात बुडवला, खाल्ला आणि मग म्हणाली, “आबाला आता सारखं आठवत न्हाई. लांडगाच हुता. तू लिही.”

ईश्वरीनं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हौसाला एसटीला सोडायला मी फाट्यापर्यंत गेलो. सिदू पुढं पिशवी घेऊन चालत होता. तो ऐकणार नाही इतका लांब गेल्यावर मी तिला विचारलं, “काल तसं का म्हणालीस?”

ती चालत राहिली. तिला राग आलेला नव्हता. आला असता तर मला बरं वाटलं असतं.

“चौदा सुया मी त्या लांडग्याच्या म्हून घेतल्या, आबा,” ती म्हणाली. “दहाव्या दिवशी बोलला असतास तर चार तरी वाचल्या असत्या. आता बोलून कुणाचं काय वाचणार हाय? तुला हलकं वाटंल, एवढंच.”

एसटी आली. सिदूनं पिशवी आत ठेवली. हौसा दरवर्षीसारखी वाकून माझ्या पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. मी हात उचलला, आणि ती सरळ उभी राहून गाडीत चढेपर्यंत तो तसाच मध्ये राहिला.